पाच ठिपके, खाली चंद्रकोर

"अव्वा, उजाडलं का?"

"उजाडलंय."

"मग मला दिसंना का?"

कमल बाजेवर उठून बसली होती आणि तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं सुजून एकसारखं झालं होतं. डोळ्यांच्या जागी दोन फुगे, मधे बारीक चीर. कपाळावरच्या फोडांतलं पाणी नाकाच्या कडेनं खाली येत होतं. तिची आई सोजर तिच्यापुढं उकिडवी बसून तिचे दोन्ही हात घट्ट धरून होती, कारण पोरगी खाजवायला बघत होती. मी भिंतीपलीकडची शेजारीण. आवाज ऐकून आले आणि दारातच थांबले.

सोजरनं मान वळवली. "मालन, बिब्बा उतला ग," म्हणाली.

बिब्ब्याचं तेल कुणाच्या अंगाला काही करत नाही आणि कुणाचं अंग भाजून काढतं. भाजलं की आमच्याकडं बिब्बा उतला म्हणतात. मी खोबरं चावून त्याचा चोथा कमलच्या तोंडाला लावला, तीळ वाटून लावले. सोजरचा नवरा मन्मथ गाडी जुंपायला गेला. गाव मुरुडच्या अलीकडं. मुरुडच्या डॉक्टरनं तोंड बघितलं आणि लातूरला न्यायला सांगितलं. एवढ्या वाटेत सोजरनं कमलचे हात सोडले नाहीत. तेल डाव्या डोळ्यात गेलं होतं. उजवा डोळा वाचला, डावा गेला.

लोक पुढं म्हणाले, आई होती का वैरीण होती. लोकांना म्हणायला काय लागतं? मी सोजरला तिच्या लग्नापासून बघितलेली आहे. ती कशी होती ते मी सांगते.

सोजर हसली की तोंडावर पदर घ्यायची, कारण पुढचा एक दात अर्धा होता. चालायची भरभर. नवी वस्तू हातात आली की आधी तिचा वास घ्यायची. नव्या लुगड्याचा, नव्या चपलेचा, प्लास्टिकच्या घागरीचा सुद्धा. आमच्या गल्लीत प्लास्टिकची घागर पहिल्यांदा तिनं आणली. सासू ओरडली, "पितळ सोडून ह्ये काय आणलंस? उंदीर कुरतडंल." सोजर म्हणाली, "आत्याबाई, उंदराला बी पाणी लागतंय की." सासू चिडली, मग तिलाही हसू आलं. ही सासू तरुणपणी चोरून चहा पिते म्हणून तिच्या सासूच्या हातचा मार खाल्लेली बाई. ते तीच सांगायची, आणि सांगून झालं की सोजरच्या नायलॉनच्या पातळाला नावं ठेवायची.

पुढं सोजरला एक सवय लागली. काही नवीन निघालं, पोरी त्याच्या मागं लागल्या, की ती डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "हे तर म्हातारीचंच हाय." म्हातारी म्हणजे तिची सासू. फुग्याच्या बाह्यांची फॅशन आली तेव्हा तिनं सासूच्या पेटीतली चोळी काढून गल्लीभर दाखवली. फुगे तसेच, फक्त कापड विरलेलं. लोकांना गंमत वाटायची. म्हातारी मरून गेली तरी ते बोलणं राहिलं.

आता गोंदणाचं सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळ्या खडी फोडायला जात होतो. रस्त्याचं काम होतं. बाया-बाप्यांच्या रांगाच्या रांगा, सगळ्यांच्या तोंडावर पांढरी धूळ, आणि पोरं खडीच्या ढिगांमागं सावलीला सोडलेली. कमल तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. एक दिवस ती दिसेना. सोजर हातोडा टाकून पळाली. दुपार झाली, दिवस कलला, पोरगी नाही. शेवटी लांबच्या एका टोळीत सापडली. देवणीकडची एक बाई तिला मांडीवर घेऊन कामावर वाटलेली सुकडी भरवत होती. सोजरनं हात पुढं केला तर ती बाई पोरीला देईना.

"तुझी कशावरून?" तिनं विचारलं. "इथं पोरं उचलून न्यायलेत. अंगावरची खूण सांग."

सोजर उभी राहिली. पोरगी झोपाळलेली, धुळीनं माखलेली, उपाशी पोटी सुकडी मिळाल्यामुळं त्या बाईला चिकटलेली. सोजरला खूण सांगता येईना. तीळ नाही, डाग नाही, काही नाही. मी मागून पोचले, आणखी दोघी पोचल्या, आम्ही सांगितलं तेव्हा बाईनं पोरगी दिली. बाईचं काही चुकलं नव्हतं.

घरी येताना सोजर वाटेत एकच बोलली. "माझी पोरगी, अन् मला सांगता आलं न्हाई."

पुढच्या बाजाराच्या दिवशी गोंदणारीण गावात आली. दुष्काळात कोण गोंदून घेतं? कुणी नाही. ती पाराखाली बसून होती. सोजरनं रेशनची लाल मिलो ज्वारी ओंजळभर पदरात बांधून नेली आणि कमलला पुढ्यात बसवलं. सासूसुद्धा म्हणाली, खायला नाही अन् हे कसलं खूळ. सोजरनं ऐकलं नाही. तिनं कमलचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं. कमल इतकी ओरडली की पारावरची कुत्री उठून गेली. मधे एक ठिपका, चारी बाजूंना चार, खाली चंद्रकोर. आमच्या सगळ्यांच्या कपाळावर तेच आहे, माझ्याही. पण आम्हाला रीत म्हणून गोंदलं. कमलला गोंदलं ते हरवली तर ओळखू यावी म्हणून.

त्यानंतर सोजर कामावर गेली की दर थोड्या वेळानं मान वर करून बघायची आणि पुन्हा हातोडा घ्यायची. लांबून ते पाच ठिपके काय दिसणार? पण तिला दिसायचे.

दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. सोजरनं मन्मथच्या मागं लागून लातूर गाठलं, म्हणाली, जिल्हा बघून येऊ. तिकडून आली आणि मला म्हणाली, "मालन, नवं तर काही दिसलं न्हाई ग. तोच गंज-बाजार, तेच पोते. फकस्त पाट्या नव्या." पण तिला ते आवडलं होतं. नव्या पाट्यांच्या रंगाचा वाससुद्धा घेऊन आली असेल. तिच्या डोक्यात बसलं की कमलला लातुरात द्यायची, जिथं नळ आहे, जिथं खडी फोडायला लागत नाही.

आणि स्थळ आलंच. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत चिकटलेला मुलगा. मुलाची आत्या आणि मावशी बघायला आल्या. मी चहा घेऊन गेले होते. सगळं बोलणं माझ्यासमोर झालं.

आत्या म्हणाली, "पोरगी चांगली हाय. उंचीला बी चांगली. आम्हाला पसंत हाय."

सोजर म्हणाली, "मग पेढे आणू का?"

"पण कपाळ तेवढं..."

"कपाळाला काय झालं?"

"गोंदलंय की ठसठशीत. पोरगं सायबांत उठतंय-बसतंय. आता शहरात कोण गोंदतंय बाई?"

सोजर तिच्या कपाळाकडं बघून म्हणाली, "तुमच्या बी हाय की."

"आमचं झालं ग. आमच्याकडं आता कोण बघतंय?"

मावशी हसली. वाईट बायका नव्हत्या. जाताना म्हणाल्या, मुलगा पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी स्वतः बघायला येतोय. कपाळाचं काही करता आलं तर बघा.

सोजरनं अविचार केला असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. तिच्या मानेवर चामखीळ होती, ती तिनं पूर्वी बिब्ब्यानं घालवली होती, काही त्रास झाला नव्हता. तरी तिनं आधी स्वतःवर करून बघितलं. डाव्या मनगटावर तिचं गोंदणाचं फूल होतं. बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्यावर धरला, तेल काडीनं त्या फुलावर लावलं. आग झाली, खपली धरली, खपली पडली आणि फूल बरंचसं पुसलं गेलं. मला दाखवायला आली.

"बघ. गेलं की न्हाई?"

"गेलंय," मी म्हणाले. गेलंच होतं.

"कातडी पांढरी पडली जरा. तिथं कुंकू लावील ती. कुंकवाखाली कुणाला दिसतंय?"

मुलगा यायला पंधरा दिवस राहिले तेव्हा एका रविवारी दुपारी तिनं कमलला पुढ्यात घेतलं. उन्हाळा होता, घाम खळत नव्हता. कमलनं मान हलवू नये म्हणून सोजरनं तिचं डोकं पुन्हा गुडघ्यांत धरलं, पारावर धरलं होतं तसंच. कमल आता थोराड झाली होती, पण आईचं ऐकणारी. तिला त्या मुलाशी लग्न करायचं होतं. तिनंच डोळे मिटून घेतले. तेल घामात मिसळून खाली उतरलं, कमलनं ते हातानं पुसलं आणि तोच हात डोळ्याला लागला. संध्याकाळी नुसती खाज होती. सकाळी काय झालं ते मी वर सांगितलंच.

ठरलेल्या सोमवारी तो मुलगा आला. घराला कडी होती. मीच सांगितलं, पोरगी दवाखान्यात आहे. तो थोडा वेळ ओट्यावर बसला, पाणी प्याला, गेला. पुढं निरोप आला की त्यांना दुसरीकडं जमलंय.

मन्मथ कित्येक महिने सोजरशी बोलला नाही. भाकरी वाढली की खायचा, उठायचा. सोजरला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. ती रडताना मला एकदाच दिसली, आणि तेही रडणं म्हणायचं की काय कुणास ठाऊक. माझ्या चुलीपाशी बसून मनगट पुढं करून म्हणाली, "माझ्यावर का न्हाई उतला ग? माझ्यावर उतायला पायजे होता. मग मी तिला लावलाच नसता."

हे ती नंतर आयुष्यभर विचारत राहिली. डॉक्टरला विचारलं, वैदूला विचारलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला विचारलं. एकेकाचं अंग, म्हणायचे.

डोळ्याच्या औषधासाठी लातूरला चकरा सुरू झाल्या आणि शेवटी ते सगळे लातूरलाच राहायला गेले. मन्मथ धान्याच्या मोंढ्यात हमाली करू लागला. पुढं आमचंही बिऱ्हाड त्याच गल्लीत आलं. कमल शिवणकाम शिकली. एका डोळ्यानं ती असे ब्लाऊज शिवायची की कापड कुठं जोडलंय ते कळायचं नाही. कपाळावर हाताच्या बोटाएवढा गुळगुळीत पांढरा डाग राहिला. तिनं त्यावर कधी कुंकू लावलं नाही, पदरही ओढला नाही. लग्न झालं नाही. एक-दोन स्थळं आली, बिजवरांची. कमलच नको म्हणाली.

सोजर मशीनच्या डाव्या बाजूला बसायची. रस्त्यानं निघाल्या की सोजर डाव्या अंगानं. लग्नात, दवाखान्यात, बाजारात, कुठंही. कमलला डावीकडून येणारी गाडी दिसत नाही म्हणून. मधे कुणी आलं तर सोजर त्याला हातानं बाजूला करायची, मग तो कुणी का असेना. एकदा तिनं लग्नातल्या नवरदेवाला बाजूला केलं. कमल म्हणायची, "अव्वा, मी काय लहान हाय का?" सोजर ऐकायची नाही.

गिऱ्हाइकं यायची, नव्या नव्या फॅशनी सांगायची, आणि सोजरचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मागं नाडीचा ब्लाऊज आला, "हे तर म्हातारीचंच हाय." तांब्याच्या बाटलीत पाणी प्यायचं फॅड आलं, "हे तर म्हातारीचंच हाय, आम्ही मोडीत घातलं ते." पोरी हसायच्या. कमलसुद्धा हसायची. मला वाटायचं, हे घर चाललंय आता.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्याची गोष्ट. मन्मथ त्याआधीच गेलेला. गल्लीत टँकरला रांगा. सोजर रांगेत उभी राहून म्हणाली, "आमच्या येळंला बैलगाडीवर पाण्याचं टिपाड यायचं. आता टिपाडाला चाकं जास्त लागली, एवढंच." तिचा मुलगा बसवराज नांदेडला नोकरीला. तो येऊन दोघींना घेऊन गेला. माझी मुलगी अर्धापूरला दिलेली, म्हणून मीही त्या महिन्यात तिकडं गेले आणि दोन दिवस सोजरकडं राहायला आले.

बसवराजची मुलगी श्रुती कॉलेजात होती. सोजरचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता, तो आणायला श्रुती आम्हा दोघींना रिक्षानं घेऊन गेली. चष्मा घेतला. मग म्हणाली, "आज्जी, पाच मिनिटं इथं बसा. पप्पांना सांगू नका हं."

दुकान थंड होतं. भिंतीवर वाघ, देव, पंख असलेल्या बाया, सगळी चित्रं. दाढीवाला तरुण पोरगा, हातात रबराचे मोजे. श्रुतीनं मोबाईल काढून त्याला दाखवलं, मग आम्हालाही दाखवलं. "हे काढणार हातावर. आता हेच चाललंय."

मधे एक ठिपका. चारी बाजूंना चार. खाली चंद्रकोर.

मी सोजरकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल. तिनं चष्मा लावून मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मोबाईल परत दिला. श्रुतीला काही ठाऊक नव्हतं. आत्याला लहानपणी भाजलं होतं, एवढंच तिला सांगितलेलं.

दाढीवाल्याचं लक्ष सोजरच्या कपाळाकडं गेलं. "अरे, आज्जी, तुमच्या तर हेच हाय! ओरिजनल!"

"हाव," सोजर म्हणाली.

मशीन सुरू झालं. सोजर खुर्ची ओढून श्रुतीच्या जवळ गेली. हात उचलले, आणि मांडीवर परत ठेवले. श्रुती तोंडानं च्युइंगम चघळत दुसऱ्या हातानं मोबाईल बघत होती. तिला धरायची काही गरज नव्हती.

थोड्या वेळानं सोजरनं त्या पोराला विचारलं, "अन् हे पुसायचं झालं तर? लग्न-बिग्न जमायच्या येळंला?"

"पुसता येतं की आज्जी. लेझर हाय. हळूहळू निघून जातंय सगळं."

"कपाळावरचं बी?"

"कपाळावरचं बी."

"अन् डोळा?"

तो हसला. "डोळ्याला काय होतंय? डोळ्यावर चष्मा लावतेत काळा."

"चष्मा लावतेत," सोजर म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मालन, चष्मा लावतेत म्हणं."

तिनं स्वतःचा चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि हातातच धरून बसली. काम संपेपर्यंत लावला नाही.

घरी गेलो. कमल खिडकीशी बसून काज करत होती. श्रुती तिच्यापुढं हात नाचवत म्हणाली, "आत्या, बघ!" हातावर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं. कमलनं सुई दाताखाली धरली, श्रुतीचा हात उजव्या डोळ्यासमोर घेतला आणि बराच वेळ बघितलं. प्लास्टिकवरून एकेक ठिपक्यावर बोट ठेवलं. मग हात सोडून दिला.

"छान हाय," म्हणाली. श्रुती आत गेली.

सोजर दारातच उभी होती, चपला न काढता. कमलनं तिच्याकडं न बघता विचारलं, "अव्वा, तू धरलीस का हिला?"

"न्हाई ग. ती आपली आपण बसली."

"बरं झालं," कमल म्हणाली आणि पुन्हा सुईत दोरा घातला.

दुसऱ्या दिवशी मला अर्धापूरच्या गाडीत बसवायला दोघी बसस्टँडवर आल्या. गाडी निघाली तेव्हा मी खिडकीतून मागं बघितलं. गर्दीतून परत चालल्या होत्या. सोजर डाव्या अंगानं, एक हात कमलच्या कोपराला, दुसऱ्या हातानं समोरच्या केळीच्या गाडेवाल्याला बाजूला हो म्हणून सांगत. मनगटावरचा पांढरा डाग उन्हात दिसला. ती मला शेवटची दिसली ती अशी.

पाऊस पडून लातूरला नळ सुरू झाले, तोपर्यंत सोजर गेली होती. झोपेत गेली, त्रास झाला नाही. मन्मथ आधीच गेला होता. त्या बाजेभोवती त्या सकाळी जे होते, त्यांतली मी आहे आणि कमल आहे. कमल लातूरलाच राहते, परत त्याच गल्लीत. रस्ता ओलांडताना आता आधी थांबते, मान पूर्ण डावीकडं वळवून बघते, आणि मग जाते.